काळ्या स्क्रीनचा लॅपटॉप

लॅपटॉप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदा काय करतं, तर तो उचलून बघतं. भाव विचारायच्या आधी, चालू करायच्याही आधी. कलिंगड घेताना बघतात तसं. शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात एकदा तालमीतला एक पैलवान आला. त्याला कुस्त्यांच्या सीड्या बघायला लॅपटॉप पाहिजे होता. मी मोठ्या ऐटीत दुकानातला सगळ्यात हलका त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन बोटांत धरला, वरखाली केला आणि माझ्याकडं संशयानं बघितलं.

"मॅडम, ह्यात कायच न्हाय की! एवढं पैसं घेताय, आत माल तरी घाला."

शेवटी त्यानं एक जुना, जाडजूड, तीन-साडेतीन किलोचा लॅपटॉप पसंत केला आणि खूश होऊन गेला. मी पाठीमागं पोटभर हसले. पण त्याचा तो ठोकळा पुढं सहा वर्षं चालला, आणि हलके घेऊन गेलेले दोघं वर्षाच्या आत बिजागरी तुटली म्हणून परत आले. तेव्हापासून गिऱ्हाइकाला हसायचं मी कमी केलं.

मी छाया कांबळे. शाहूवाडी तालुक्यातल्या भाताच्या खाचरांतनं बारावीनंतर कोल्हापूरला आले आणि कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स केला. वर्गात सत्तावीस मुलगे आणि मी. कोर्स संपल्यावर दुकानोदुकानी काम मागत फिरले. कुणी म्हणालं टायपिंगला ये, कुणी म्हणालं फोन उचलायला ये. शाहूपुरीतल्या ह्या दुकानाचे मालक विलासदादा ह्यांनी मात्र काही न बोलता एक बंद पडलेला कॉम्प्युटर समोर ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर दिला. अर्ध्या तासात मी तो चालू केला. "उद्यापासनं ये," एवढंच म्हणाले. नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं होतं. गिऱ्हाईक आलं की माझ्या डोक्यावरनं बघत विचारायचं, "मेकॅनिक कुठाय?" दादा आतनं ओरडायचे, "तुमच्या समोर बसलीया की!" हे मुद्दाम आधी सांगते. दादांबद्दल पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नका. मीही विसरू शकले नाही, आणि सगळं तिथंच चुकलं.

सुरुवातीला आम्ही सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून द्यायचो. लॅपटॉप ही कारखानदाराच्या नाहीतर परदेशी जाऊन आलेल्या डॉक्टरच्या हातात दिसायची गोष्ट. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली आणि मुंबईहून जुन्या लॅपटॉपचे लॉट यायला लागले. मोठ्या कंपन्या आपली जुनी यंत्रं घाऊक विकायच्या, ती खोक्यांत भरून आमच्यासारख्यांकडं यायची. नव्याच्या निम्म्याहून कमी भावात. मास्तर, दूधसंस्थेचा सचिव, कॉलेजची पोरं, सगळ्यांना परवडायला लागलं. माझं काम ते तपासायचं, दुरुस्त करायचं आणि कुणाला कुठला द्यायचा ते ठरवायचं.

गिऱ्हाईक विचारायचं, "रॅम किती हाय?" शेजाऱ्यानं शिकवलेलं असायचं. मी उलट विचारायची, "काम काय करणार? घरात वापरणार की घेऊन हिंडणार? वीज किती वेळ जाते?" रोजच्या वापराला स्वस्तातला लॅपटॉप घ्यायचा तर एवढी उत्तरं पुरतात. बाकी बघायचं ते बॅटरी किती टिकते, बिजागरी घट्ट आहे का, बटणं सगळी उठतात का आणि पंख्याचा आवाज कसा येतो.

आणि लॅपटॉप ठेवणार कुठं, हेही विचारायला मी शिकले. गुळाच्या एका व्यापाऱ्याला मी चांगला, तपासलेला लॅपटॉप दिला होता. चार महिन्यांनी तो पिशवीत घालून घेऊन आला. म्हणाला, आत काहीतरी वळवळतंय. मी हसले आणि पाठचे स्क्रू काढले. झाकण उचललं मात्र, तांबड्या मुंग्यांचा लोंढा माझ्या हातावर, टेबलावर, मांडीवर. मी किंचाळून उभी राहिले, दादा धावत आले. मुंग्यांनी आत अंडी घातली होती. व्यापाऱ्यानं शांतपणे विचारलं, "वॉरंटीत बसंल न्हवं?" तो महिनाभर माझ्यासाठी सगळ्यात मोठा धक्का होता. खरा धक्का म्हणजे काय, ते मला पुढच्या वर्षी कळलं.

दोन हजार सात-आठचा सुमार असेल. दुकान वरच्या मजल्यावर होतं, जिना अरुंद. एक दिवस सकाळी त्या जिन्यावर टकटक टकटक असा आवाज आला आणि पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ वर आले. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांची मुलगी, दुसऱ्या हातात घडीची पांढरी काठी. गडमुडशिंगीचे पाटील. चार म्हशी होत्या आणि कोल्हापुरात घरोघरी दूध घालायचे. मुलगी त्यांना आप्पा म्हणत होती. तिचं नाव वैशाली, वय चोवीस-पंचवीस.

"पोरगीला लॅपटॉप पायजे," आप्पा म्हणाले.

दादांनी माझ्याकडं बघितलं. मी विचारलं, "कोण वापरणार?"

"मीच की," वैशाली म्हणाली. "मी पुण्यात सहा महिने शिकून आलोय. बोलणारं सॉफ्टवेअर असतंय, ते टाकलं की कॉम्प्युटर सगळं वाचून दाखवतोय. सीडी हाय माझ्याकडं." आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात.

नववीत असताना ताप डोक्यात गेला आणि नजर गेली. त्यानंतर टेप ऐकून ऐकून ती बी. ए. झाली होती. राजारामपुरीतल्या एका ट्रस्टच्या ऑफिसात पत्रव्यवहार आणि फोन सांभाळायला माणूस पाहिजे होता. तिनं अर्ज केला होता आणि पुढच्या गुरुवारी मुलाखत होती. पुण्यात झालेली कॉम्प्युटरची सवय मोडली होती, म्हणून लॅपटॉप तिला त्याच दिवशी घरी न्यायचा होता. मुलाखतीलाही तोच घेऊन जाणार होती. दुसऱ्याच्या मशीनवर तिचं सॉफ्टवेअर कुठलं असणार?

इतक्या वर्षांत तिच्यासारखं पारखी गिऱ्हाईक मी बघितलं नाही. मी टेबलावर सहा लॅपटॉप मांडले. तिनं प्रत्येकाच्या बटणांवरनं सावकाश बोटं फिरवली. कान टेकवून पंखा ऐकला. हेडफोनचं भोक ढिलं आहे का ते बघितलं. "ह्याचं कोपऱ्यातलं बटण अडकतंय." "ह्यो लई गरम होतोय, ताई." सगळे दोष बरोबर सांगितले. मग तिचा हात टेबलाच्या कडेला ठेवलेल्या सातव्या लॅपटॉपला लागला.

"ह्यो झ्याक हाय," ती म्हणाली. "बटणं कशी लोण्यासारखी हाईत. ह्योच द्या."

"तो अजून तयार नाही," मी म्हणाले.

त्याचं काय झालं होतं ते सांगते. त्या काळच्या लॅपटॉपचा स्क्रीन स्वतः उजळत नसे. त्याच्या आत पेन्सिलीच्या शिशाएवढी बारीक नळी असायची, तिचा उजेड पाठीमागनं पडला की समोरचं दिसायचं. त्या नळीला वीज पुरवणारी बोटभर लांब पट्टी असते, तिला इन्व्हर्टर म्हणतात. ती जळली की स्क्रीन काळाकुट्ट. बाकी सगळं चालू असतं, फक्त दिसत काही नाही. सातव्या लॅपटॉपची ती पट्टी गेली होती.

दादांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "काय राहिलंय त्यात?"

मी हळू आवाजात सांगितलं. "पट्टी मुंबईहून मागवायला लागेल. चार दिवस."

दादांनी वैशालीकडं बघितलं, लॅपटॉपकडं बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला तेव्हाच समजलं. ते टेबलाजवळ गेले.

"तयार हाय की. घेऊन जा. अठरा हजार."

चांगल्या, चालू लॅपटॉपचा भाव होता तो. वैशालीनं तिथंच सीडी घातली, बोटं भराभर चालायला लागली आणि लॅपटॉप बोलायला लागला. इतक्या वेगानं की आम्हाला वाटावं कोणीतरी इंग्रजीत भांडतंय. तिला मात्र शब्द न् शब्द कळत होता. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून आप्पा हसले. मग वाकून स्क्रीनकडं बघत म्हणाले, "पर ह्यो काळा का दिसतोय?"

दादा अडखळलेसुद्धा नाहीत. "हिच्यासाठी स्क्रीन बंद ठेवलाय, आप्पा. बॅटरी जास्त चालते. व्हय का न्हाई गं, छाया?"

सगळे माझ्याकडं वळले. वैशालीनं तर कान माझ्या दिशेला केला.

स्क्रीन बंद ठेवला की बॅटरी जास्त चालते, हे खरं आहे. खोटं एवढंच की तो बंद ठेवलेला नव्हता, तो मेलेला होता. मला वाटलं, हिला तसंही दिसत नाही. मला वाटलं, दादा रागावतील. मला वाटलं, नंतर बघू. एवढं सगळं एका श्वासात वाटलं आणि मी म्हणाले, "हो."

"मग कुणाला दाखवायचं आसंल तर चालू कसा करायचा, ताई?" वैशालीनं विचारलं.

इथं तरी मी थांबायला पाहिजे होतं. मी काय केलं? तिचं बोट धरलं आणि उजेड कमीजास्त करायच्या बटणावर नेऊन ठेवलं. "हे दाबायचं," म्हणाले. तिनं दोनदा दाबून जागा लक्षात ठेवली. "बरं ताई, लई उपकार झालं," म्हणाली. आप्पांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला, लेकराला घ्यावं तसा छातीशी धरला आणि दोघं जिना उतरले.

त्या दिवशी मला डबा खाववला नाही. दादा म्हणाले, "अगं, तिला काय फरक पडतोय? तिला पायजे ते मिळालं." मी मान डोलावली. दोन दिवसांनी विसरलेही. हे लिहितानाही लाज वाटते, पण विसरले होते.

पुढच्या गुरुवारी मुलाखत होऊन गेली. त्यानंतरच्या सोमवारी दुपारी जिन्यावर काठीचा आवाज आला. वैशाली एकटीच होती. गडमुडशिंगीहून बसनं आली होती, स्टँडवरनं विचारत विचारत. दादा बाहेर गेले होते.

"कोण हाय दुकानात?" दारातनं तिनं विचारलं.

"मी आहे. छाया."

"म्हंजे 'हो' म्हणाला ते तुम्हीच."

तिनं पिशवीतनं लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला आणि उभ्यानंच सांगायला सुरुवात केली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोसलं असतं.

मुलाखतीला तिघं बसले होते. त्यांनी तिला एक पत्र लिहायला सांगितलं, महापालिकेला, ऑफिसला पाणी वेळेवर येत नाही म्हणून. इंग्रजीत. तिनं हेडफोन लावला आणि दहा मिनिटांत पत्र पूर्ण केलं. परत परत ऐकून तपासलं. मग लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला आणि मी दाखवलेलं बटण दाबलं.

"कोण कायच बोलंना," वैशाली म्हणाली. "मला वाटलं, वाचायला लागलेत. मी हसून बसलोय. मग त्यातली बाई म्हणाली, अहो, हा तर बंद आहे. मी म्हटलं, बंद न्हाय, चालू हाय. परत बटण दाबलं. तीनदा दाबलं. कोणतरी हळूच हसलं. मग मी हेडफोन काढून त्यांना ऐकवायला गेलो, तर ते म्हणालं, हे काय बडबडतंय ते आम्हाला कळत नाही. चहा दिला मला. म्हणालं, तुमच्या जिद्दीचं कौतुक वाटतं." तिनं लॅपटॉपवर हात ठेवला. "ताई, मी काळ्या काचंवर पत्र दाखवत होतो आणि हसत होतो. त्यांना वाटलं आसंल, हिला येतच न्हाय कायबी."

तिला दिसत नाही म्हणून फरक पडत नाही, हे आम्ही धरून चाललो होतो. पण जगाला दिसतं. तिचं काम जगाला दिसायला पाहिजे होतं, आणि स्क्रीन त्याच्यासाठी होता. इतकी साधी गोष्ट, रोज गिऱ्हाइकाला 'काम काय करणार' असं विचारणाऱ्या मला कळली नव्हती.

"आप्पांना सांगितलंस?" मी कसंबसं विचारलं.

"न्हाय. ते काठी घेऊन आलं असतं." मग म्हणाली, "मला एकच सांगा. ते पत्र त्यात हाय का न्हाय? का तेबी खोटं?"

मी लॅपटॉप चालू केला, तिनं पत्र उघडलं. मी टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला. तसा धरला की मेलेल्या स्क्रीनवरही अक्षरं पुसट दिसतात. पाण्याखालनं यावीत तशी अक्षरं वर आली. सगळं पत्र होतं. मी शेवटपर्यंत वाचलं. एक चूक नव्हती.

"आहे," मी म्हणाले. "चल."

"कुठं?"

"त्यांना दाखवायला."

कामाच्या टेबलावर पंधरा इंची मॉनिटर होता, जुना, टीव्हीसारखा पोट मागं आलेला. तो लॅपटॉपला जोडला की लॅपटॉपचा स्क्रीन मेलेला असला तरी सगळं त्यावर दिसतं. मी वायरी काढल्या, दुकानाचं शटर ओढलं आणि भर दुपारी तो मॉनिटर छातीशी धरून जिना उतरले. पुढं काठी टेकत वैशाली मला पायऱ्या सांगत होती, कारण मॉनिटरमुळं मला खालचं काही दिसत नव्हतं. रिक्षात तो दोघींच्या मांडीवर अर्धा अर्धा ठेवला. रिक्षावाला म्हणाला, "काय पावणं, टीव्ही बिघडला व्हय?"

ऑफिसातले व्यवस्थापक साठीच्या आसपासचे, सभ्य गृहस्थ होते. आम्हाला बघून गोंधळले. मी मॉनिटर त्यांच्या टेबलावर ठेवला, जोडला आणि सांगितलं, "साहेब, मी लॅपटॉप दुरुस्त करते. हिला आम्ही बिघडलेल्या स्क्रीनचा लॅपटॉप विकला आणि तिला सांगितलं नाही. ह्यात तिची काही चूक नाही. त्या दिवशी तिनं लिहिलेलं पत्र हे आहे. कधी लिहिलं ती वेळही इथं दिसते, बघा."

त्यांनी चष्मा लावला. पत्र वाचलं. परत वरनं वाचलं. पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी शिपायाला हाक मारत होतं. वैशाली खुर्चीच्या पाठीला धरून ताठ उभी होती.

"फार चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. मग चष्मा काढला. "पण शनिवारी आम्ही दुसऱ्यांना नेमणुकीचं पत्र दिलं. ते आज रुजू झाले."

बाहेर, दाराजवळच्या टेबलाशी एक तरुण फोनवर बोलत होता. येताना मी त्याच्यासमोरनंच आले होते.

मला वाटलं वैशाली रडेल. तिनं विचारलं, "सर, चुका किती हाईत?"

"एकही नाही."

"बरं," ती म्हणाली आणि काठी उघडली. परतताना ती रिक्षात बसली नाही. स्टँडला जाणारी बस कुठं मिळते ते विचारून घेतलं. लॅपटॉप माझ्याकडं दिला. "दुरुस्त करून ठेवा. शुक्रवारी येतो."

दादा आल्यावर मी त्यांना सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यापुढं माझा आवाज चढला. ते म्हणाले, "अगं, पण तिला कुठं..." आणि वाक्य अर्ध्यात सोडलं. मी मुलाखतीत काय झालं ते सगळं सांगितलं, ती हसून बसली होती तेही. दादा खुर्चीवरनं उठले. ते आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मी मांडणीवरच्या तशाच दुसऱ्या लॅपटॉपची पट्टी काढून ह्याला बसवली. तासाभरात स्क्रीन लख्ख उजळला. तासाभराचं काम! मुंबईची वाट बघायची गरजच नव्हती. विकायच्या दिवशी हे मला का सुचलं नाही, ह्याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही.

मी नोकरी सोडली नाही. सोडली असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. आणखी तीन वर्षं मी तिथंच होते, नंतर स्वतःचं दुकान काढलं.

शुक्रवारी वैशाली आली. दादा उभे राहिले. "बाळ, चूक झाली आमची," म्हणाले.

"चूक?" वैशाली म्हणाली. "कळत नसताना होती ती चूक, काका."

दादांनी दुसरा, नवा लॅपटॉप पुढं केला. तिनं हात मागं घेतला. "ह्योच पायजे. ह्याच्या बटणांची बोटांना सवय झालीया." मग दादांनी काही नोटा टेबलावर ठेवल्या. नोटांचा आवाज तिला कळला. "त्या आप्पांच्या हातात द्या. आणि कशापायी देताय तेबी तुमच्याच तोंडानं सांगा."

दादा त्याच रविवारी गडमुडशिंगीला गेले. आप्पा काय म्हणाले ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पुढं वर्षभरानं वैशाली एका बँकेत लागल्याचं मात्र आप्पांच्याच एका गिऱ्हाइकाकडनं कळलं.

पण त्या शुक्रवारचं सांगत होते. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. "स्क्रीन दुरुस्त झालाय, वैशाली. आता अगदी स्वच्छ दिसतंय. मी स्वतः तपासलाय."

तिनं लॅपटॉप चालू करून एक ओळ टाइप केली. मग मान वळवून कानोसा घेतला. प्रिंटरची शाई घ्यायला आलेले एक मध्यमवयीन गृहस्थ काउंटरपाशी उभे होते, पिशवीची चुळबुळ चालली होती. माझ्या ओळखीचेही नव्हते.

"पावणं," वैशालीनं त्यांना हाक मारली, "जरा हिकडं येता का? ह्यावर काय दिसतंय ते वाचून दाखवा."

ते बिचारे चपापले. आधी माझ्याकडं बघितलं, मग दादांकडं. पुढं आले, वाकले आणि शाळेतल्यासारखं बोट लावून मोठ्यानं वाचायला लागले. "माय... नेम... इज... वैशाली. कॅन... यू... सी... धिस?" आणि मान वर करून एकदम म्हणाले, "व्हय की! चांगलं दिसतंय!"

वैशाली हसली. "आभारी हाय, काका," त्यांना म्हणाली. लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि काठी उघडली.

मी तिच्या हाताच्या अंतरावर उभी होते. मला तिनं विचारलं नव्हतं.